नकाशाचा शर्ट

छापखान्यात प्रेसवाल्याने छापलेला नमुना टेबलावर पसरला, तेव्हा मास्तरांना, शिंपीच ते, वाटलं, कुणीतरी शर्ट कडक इस्त्री करून आणलाय.

चित्र शर्टाचंच होतं. खुंटीला अडकवलेला लांब बाह्यांचा शर्ट, शहराच्या नकाशाचे तुकडे कापून, एकावर एक चिकटवून केलेला. मास्तरांच्या बायकोने केलेलं ते शेवटचं चित्र. ते पुरं केल्यावर तिने अंथरूण धरलं आणि मग उठलीच नाही. मूळ चित्रात कॉलरपाशी कागदाचे थर चढून चांगला फुगवटा आला होता, बाहीच्या चुण्यांना खालून सावली पडत होती. नमुन्यात ते सगळं सपाट झालं होतं. पण रंग हुबेहूब होते, आणि मास्तरांना तेवढं पुरे होतं.

"छान आलंय," ते म्हणाले. "काढा शंभर."

"काढतो की. पण मास्तर, एक विचारू? राग मानू नका. हा नकाशा कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? तिचाच."

"वहिनींनी काढलेला?"

"काढलेला नाही, विकत घेतलेला. दुकानातून, पैसे मोजून." मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. "अहो, गिऱ्हाईक माझ्याकडे कापड आणतं. मी ते कापतो, शिवतो. इतक्या वर्षांत एकाही गिरणीचा माणूस दारात येऊन म्हणाला नाही, की आमच्या कापडाचा शर्ट का शिवलास."

प्रेसवाला हसला. त्याच्या नखांत कायम शाई असायची, त्याच हाताने त्याने कान खाजवला. "तुम्ही शिवता हो. मी इथे शिवत नाहीये ना. मी गिरणी घातलीय. त्यांच्या कापडावरची नक्षी माझ्या मशीनवर शंभर वेळा छापायची म्हणताय तुम्ही. उद्या त्यांनी विचारलं तर?"

मास्तरांची लेक इतका वेळ फोनमध्ये डोकं घालून उभी होती. ती म्हणाली, "काका, एका रविवारचा चित्रांचा बाजार आहे. कोण एवढं बघायला बसलंय?"

"मागे एका कॅलेंडरच्या वेळी मीही असंच म्हणालो होतो, बाळ. फोटो तिसऱ्याचे, कॅलेंडर दुसऱ्याचं, आणि वकिलाची नोटीस कुणाला? मला. तोंड पोळलंय माझं. नकाशावाल्यांकडून परवानगी आणा, मी रात्रीचा दिवस करून छापून देतो."

नमुना गुंडाळून घेऊन दोघं बाहेर पडली. लेक रस्ताभर प्रेसवाल्याच्या नावाने बोटं मोडत होती. नमुना मास्तरांनी काखेत धरला होता, कापडाचा तागा धरावा तसा, आणि कुणाचा धक्का लागू नये म्हणून फुटपाथच्या कडेकडेने चालले होते.

बायकोने सगळा जन्म पोस्टात टपाल निवडण्यात घालवला होता. पाकिटावर पत्ता अर्धवट असला तरी ते कुठल्या गल्लीत जायचं हे ती सांगायची. निवृत्त झाल्यावर तिने नकाशे आणले आणि मास्तरांच्या कापायच्या टेबलाचा एक कोपरा बळकावला. "अहो मास्तर, तुमची छोटी कात्री घेतेय," म्हणायची, आणि कात्री परत यायची ती खळीने चिकट होऊन. मास्तर कुरकुर करायचे. कागदाने कात्रीची धार जाते, हे शिंप्याच्या घरात राहून कळत नाही का, म्हणायचे. ती म्हणायची, "जाऊ दे हो, तुमची जीभ आहे की धारेला."

नकाशांचा मासा केला, झाड केलं, किटली केली, छत्री केली. दरवर्षी एका रविवारी मोठा रस्ता बंद करून चित्रांचा बाजार भरायचा. तिथे एक टेबल मिळावं म्हणून ती अर्ज करत राहिली आणि दरवर्षी तिचा नंबर हुकत राहिला. यंदा लागला. बाजारवाल्या बाईंचा फोन आला तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. "पुढे शर्ट लावायचा," ती फोनवर म्हणाली. "मी असेन नसेन, शर्ट पुढे." फोन ठेवल्यावर मास्तर म्हणाले होते, शर्ट कशाला विकायचा, तो घरात राहू दे. त्यावर तिने त्यांचंच वाक्य त्यांच्या तोंडावर फेकलं. शिवलेले कपडे महिनोन् महिने न्यायला न येणाऱ्या गिऱ्हाइकांना मास्तर सुनवायचे, "अंगात जाईल तो कपडा, नाहीतर ते कसरीचं जेवण." तेच ती म्हणाली, अगदी त्यांच्या आवाजात. दोघंही हसले होते. हसता हसता तिला ठसका लागला.

ती गेली आणि टेबल तिच्या नावाचं तसंच राहिलं. लेकीने तोडगा काढला, की मूळ चित्रं घरात ठेवू आणि छापील प्रती विकू. मास्तरांचा जीव भांड्यात पडला होता. चित्रांतून बायको लोकांच्या घरी जाणार होती आणि इथेही राहणार होती. दोन्ही. आता प्रेसवाल्याने त्यातच पाचर मारून ठेवली होती.

नकाशावाल्या कंपनीचं कार्यालय एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. मास्तरांनी सगळी मूळ चित्रं आणि शर्टाचा छापील नमुना कापडी पिशवीत घातला, मधेमधे मलमलीचे तुकडे घालून. लेक बरोबर होती. परवानग्या बघणाऱ्या बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यांच्या मागे भिंतभर नकाशे टांगलेले. इतके अख्खे, न कापलेले नकाशे मास्तरांनी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते.

बाई चांगल्या निघाल्या. खुर्ची दिली, पाणी दिलं. एकेक चित्र मलमलीतून काढून त्या जवळून बघत होत्या. "काय सुरेख काम आहे हो," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग भिंग घेऊन कडेची बारीक अक्षरं वाचायला लागल्या.

"मासा, झाड, किटली, छत्री," त्यांनी चार चित्रं एका बाजूला ठेवली. "हे सगळे फार जुन्या ॲटलासमधले नकाशे आहेत. काढणारा जाऊन इतकी वर्षं झालीत, की आता त्यांच्यावर कुणाचाच हक्क उरलेला नाही. हे खुशाल छापा, विका. कुणाला विचारायची गरज नाही." मग शर्ट समोर ओढला. "हा मात्र आमचा. दोन वर्षांपूर्वीची आवृत्ती. हा रंग आमचाच, अक्षरही आमचंच."

"तर मग त्याची परवानगी द्या," मास्तर म्हणाले. "काय फी असेल ती घ्या."

"थांबा, विचारून येते." बाई शर्टाचा नमुना घेऊन आत गेल्या. बराच वेळ लागला. दाराच्या काचेतून मास्तरांना दिसत होतं, आतल्या माणसाने नमुना उजेडाकडे धरला, हसला आणि मान हलवली. ती मान कशी हलली ते मास्तरांना कळलं. शिलाईचा दर ऐकून गिऱ्हाईक हलवतं तशी.

"काका, नाही जमणार," बाई परत येऊन बसल्या. "याच नकाशाचे पोस्टर आम्ही स्वतः विकतो. पिशव्यांवरही छापतो. म्हणून शोभेच्या वस्तूंसाठी हा नकाशा आम्ही बाहेर कुणालाच देत नाही. तुमच्यावर काही राग नाही. असा नियमच आहे."

"पण तिनं तो कापलाय हो. जोडलाय. मूळ नकाशा राहिलाय कुठे त्यात? हॉस्पिटल बाहीवर गेलंय!"

"दिसतंय ना मला. पण प्रत काढली की आमचं रेखाटन पुन्हा छापलं जातं. ते आम्हाला चालत नाही."

लेक उसळून काही बोलणार, तोच बाईंनी शर्ट मलमलीत गुंडाळून हलकेच मास्तरांकडे सरकवला. "हे मूळ चित्र मात्र तुम्ही विकू शकता. त्याला आमची काहीच हरकत नाही. नकाशाचा कागद तुम्ही विकत घेतलाय. तो कापला, चिकटवला, विकला, तो तुमचा प्रश्न."

मास्तरांना नीट कळेना. "म्हणजे तिच्या हातचं आहे ते विकायचं, आणि मशीनमधून निघालेलं विकायचं नाही?"

"हो."

"उलटं आहे हे."

"अनेकांना तसं वाटतं," बाई म्हणाल्या. थोडं थांबून त्यांनी विचारलं, "हा छापलेला नमुना एकच आहे ना? तो फाडून टाका, काका. मी लिहून घेत नाही. तुमचा शब्द पुरे."

"दिला," मास्तर म्हणाले.

जिना उतरताना लेक म्हणाली, "शब्द कशाला दिलात? घरात भिंतीवर लावला असता तर त्यांना काय स्वप्न पडणार होतं?"

प्रेसवाल्याचं बोलणं मास्तरांना आता कुठे उलगडत होतं. शर्ट शिवला तर तो एकच. तो द्यायचा तर देऊन टाकायचा.

दुसऱ्या दिवशी लेकीने नवीनच टूम काढली. कुणीही वापरावेत असे काही नकाशे असतात, लोकांनी मिळून केलेले, कोपऱ्यात त्यांचं नाव दिलं की झालं. तिने कॉम्प्युटरवर बसून शर्टाचा आकार तसाच ठेवला आणि आतला नकाशा बदलला. रात्री जेवण झाल्यावर मास्तरांना दाखवला.

"बघा, तेच शहर, त्याच गल्ल्या. आणि यात बेकायदा काही नाही."

मास्तरांनी चष्मा लावला. रस्ते होते, पूल होता. पण पुढच्या बटणांच्या पट्टीवर काहीच नव्हतं. मूळ शर्टात गळ्यापासून खालपर्यंत मोठा रस्ता उतरत होता आणि त्याच्यावरचे गोल चौक म्हणजे बटणं होती. तिने एकेक चौक वेगळा कापून, ओळीत आणून बसवला होता.

"शिवण कुठाय?" मास्तर म्हणाले.

"कसली शिवण?"

"तिनं जोडलेली."

लेकीने लॅपटॉप धाडकन मिटला. "मग शर्ट घरी ठेवू या. बाकी चार चित्रांच्या प्रती विकू. बास. माझं डोकं नका खाऊ."

"तिनं पुढे शर्ट लावायला सांगितलंय."

"लावा ना मग! लावा, आणि 'विकायचा नाही' अशी चिठ्ठी लावा. आईला काय, ती येणारेय बघायला?" असं बोलून गेली आणि तिने जीभ चावली. मग आत जाऊन बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी आधीच घासलेली होती.

मास्तर शर्टासमोर बसले. बायको हे चित्र चिकटवत असताना त्यांचं तिच्याशी जोरात वाजलं होतं. शर्ट बघताक्षणी ते म्हणाले होते, "अगं, पट्टी चुकली. पुरुषी शर्टात डावी बाजू वर येते. तू उजवी वर घेतलीस. हा बायकी झाला." ती म्हणाली, "असू दे." "असू दे काय? शिंप्याच्या घरात असा शर्ट? लोक हसतील." "लोकांच्या लक्षात येणार नाही. आणि आलं तर सांगा, की हा बायकोचाय." मास्तरांनी नाक मुरडलं होतं. तिला ते चुकूनच झालं असणार, आणि आता हट्टाने ती मान्य करत नाही, असं ते धरून चालले होते. आज त्यांना तेवढी खात्री वाटेना. विचारायला कुणी नव्हतं.

रविवारी टेबल मांडलं. मासा, झाड, किटली आणि छत्री यांच्या प्रती लेकीने गठ्ठ्यांनी लावल्या. शर्ट सगळ्यांत पुढे, लाकडी स्टँडवर. लेकीने त्याला चिठ्ठी लावली, 'विकायचा नाही'. ती सुती दोऱ्याला अडकवली होती आणि वाऱ्याने सारखी वळत होती, त्यामुळे कधी अक्षरं दिसायची, कधी कोरी बाजू.

गर्दी बरी होती. मासा चांगला खपत होता. दर थोड्या वेळाने कुणीतरी शर्टापाशी थांबायचं. "हा कितीला?" "नाही, हा नाही विकायचा." "मग प्रत?" "प्रत काढता येत नाही." "का?" मग मास्तरांना नकाशावाल्यांची सगळी गोष्ट सांगावी लागायची, आणि ऐकणारा अर्ध्यातच छत्रीकडे वळायचा. एक गृहस्थ तर म्हणाले, "विकायचा नाही, छापायचा नाही, मग मांडलाय कशाला, दृष्ट काढायला?" लेक फिसकन हसली. मास्तरही हसले, पण ते त्यांच्या मनाला लागलं.

दुपारी ऊन उतरल्यावर एक बाई आल्या. खाकी शर्ट, खाकी पँट, छातीवर बिल्ला. बसच्या ड्रायव्हर होत्या. हातात डबा होता, ड्यूटी संपवून घरी निघाल्या असाव्यात. त्यांनी बाकी काही बघितलं नाही, सरळ शर्टासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"हा माझा रूट आहे," त्या म्हणाल्या. बोट हवेतच धरून त्यांनी गळ्यापासून खाली नेलं. "इथे वळतो, इथे थांबतो, इथे सिग्नल. ही बटणं म्हणजे माझे चौक आहेत." मग त्या वाकल्या आणि त्यांना एकदम हसू फुटलं. "अरेच्चा, हा तर बाईचा शर्ट आहे."

मास्तर स्टुलावरून उठले. "कशावरून म्हणता?"

"उजवी बाजू वर आहे ना. मला बरोबर कळतं हो काका." त्यांनी स्वतःच्या शर्टाची पट्टी ओढून दाखवली. "खात्याने आम्हाला पुरुषांचे शर्ट दिलेत. रोज पहाटे अंधारात बटणं लावताना हात उलटाच जातो. इतकी वर्षं झाली, सवय होत नाही. कुणी केलंय हे?"

"माझ्या बायकोनं."

"त्या नाही आल्या?"

"नाही," मास्तर म्हणाले. त्या बाईंनी मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग पुन्हा शर्टाकडे.

"याची एखादी प्रत द्या ना. छोटी चालेल."

"प्रत नाही निघत, ताई. नकाशावाले काढू देत नाहीत."

"राहू दे मग. मूळ चित्र काही आपल्याला परवडायचं नाही." चिठ्ठी तेव्हा कोऱ्या बाजूने होती. बाई आणखी थोडा वेळ शर्टाकडे बघत राहिल्या, मग डबा दुसऱ्या हातात घेतला आणि निघाल्या. चार टेबलं पुढे गेल्या.

"ताई," मास्तरांनी हाक मारली. त्यांना ऐकू गेलं नाही. मग ते दुकानातून गिऱ्हाइकाला हाक मारतात तसे ओरडले, "अहो ताई! शर्ट न्यायचाय ना?"

त्या परत आल्या. "कितीला?"

"शर्टाची शिलाई द्या."

"बाबा!" लेक म्हणाली.

"एका शर्टाची शिलाई, जी काय तुमच्या शिंप्याला देता ती."

बाईंनी एकदा मास्तरांकडे, एकदा लेकीकडे पाहिलं. "नाही हो काका. असं कसं घेऊ? घरात भांडणं लावायची का मी?"

"भांडण झालंय आधीच," मास्तर म्हणाले. "तुम्हाला पट्टी दिसली. मी तिला चुकली म्हणालो होतो."

लेक काही बोलायला गेली आणि तिने पहिल्यांदाच शर्टाची पट्टी नीट बघितली. मग तिनेच चिठ्ठीचा दोरा तोडला. मलमल काढली, शर्ट गुंडाळला, वर पुठ्ठा लावला. बांधताना तिने गाठ दोनदा सोडली आणि पुन्हा मारली. बाईंनी पैसे दिले. पुठ्ठा काखेत घेऊन, गर्दीतून वाट काढत त्या बसथांब्याकडे गेल्या. मास्तर टाचा उंचावून बघत राहिले. खाकी शर्ट गर्दीत दिसेनासा झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की त्या कुठे राहतात हेसुद्धा आपण विचारलं नाही.

"चूक केली का गं?" त्यांनी लेकीला विचारलं.

"मला नका विचारू," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला तिने मासा दिला.

घरी आल्यावर दोघांचंही लक्ष प्रथम भिंतीकडेच गेलं. शर्टाच्या जागी खिळा तेवढा उरला होता. लेकीने पिशवी खाली ठेवली, आतून छापलेला नमुना आणला आणि खिळ्याखाली धरला.

"एवढा एकच राहू दे ना, बाबा. आपल्या घरात कोण येतंय बघायला?"

मास्तर बघत राहिले. लांबून शर्ट तोच होता. ते जवळ गेले आणि कॉलरवरून बोट फिरवलं. बोट गुळगुळीत घसरत खालपर्यंत आलं. चौक लागले नाहीत, पट्टी लागली नाही. लेक त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"शब्द दिलाय," ते म्हणाले.

"मी दिलेला नाही." पण तिने नमुना त्यांच्या हातात दिला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

त्यांनी तो टेबलावर पसरला. छोटी कात्री घेतली, बायको मागून न्यायची तीच, जिच्या पात्यावर अजून वाळलेली खळ होती. मूळ चित्राची कॉलर कापताना या कात्रीला किती जोर लागायचा ते त्यांनी शेजारी बसून पाहिलं होतं. ती दात-ओठ खात कापायची, थर जाड असायचे, बोटांना वळ उठायचे.

मास्तरांनी गळ्यापासून सुरुवात केली. कात्री कुठेच अडली नाही.